पुडक्याला उत्तर येत नाही

१८७४ साली बर्न येथे जागतिक टपालसंघ जन्मला. हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला. तिकिटाचे पैसे पाठविणाऱ्या देशाने ठेवावेत, हा त्याचा नियम. पत्राला उत्तर येई, तेव्हा दोहोंकडचा हिशेब आपोआप फिटे. परंतु मालाच्या पुडक्याला उत्तर कोठून येणार? म्हणून १९६९ साली टोकियोच्या अधिवेशनात वाटपाचा मोबदला ठरला. पुढे आंतरजालावरील खरेदीमुळे चीनची पुडकी अमेरिकेत लोटली. मोबदला अपुरा म्हणून अमेरिकेने २०१८ साली संघ सोडण्याची नोटीस दिली. २०१९ च्या जिनिव्हा अधिवेशनाने तिला स्वतःचे दर ठरविण्याची मुभा दिली. तेथे पुडके धाडण्याचा खर्च वाढला. बडा व्यापारी परदेशात वखार घालू शकतो. एकेक वस्तू विकणाऱ्या कारागिराला टपालाचाच आधार. राष्ट्रांच्या या हिशेबात त्याची बाजू मांडणार कोण?