लाल-हिरव्या झेंड्याची वाटचाल

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 मध्ये पेटली. तिला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या डोंगरांतून येई आणि ते फोडणारे हात ठेकेदारी मजुरांचे, आदिवासी व शेतकरी कुटुंबांतल्या स्त्री-पुरुषांचे होते. 3 मार्च 1977 रोजी या मजुरांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. नेतृत्व शंकर गुहा नियोगी यांच्याकडे आले. भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये काम केलेले, पुढे दानीटोलाच्या खाणीत मजुरी केलेले आणि आणीबाणीत तुरुंग भोगलेले नियोगी मजुरांना आपले वाटत.

संघाने लाल-हिरवा झेंडा घेतला. लाल रंग कामगारांचा, हिरवा शेतकऱ्यांचा. पावसाळ्यापूर्वी झोपडी शाकारण्यासाठी भत्ता मिळावा, ही सुरुवातीच्या मागण्यांपैकी एक होती. तिची किंमत जबर ठरली. 2 व 3 जून 1977 रोजी पोलिसांच्या गोळीबारात 11 जण बळी पडले.

संघटना मात्र खचली नाही. ‘संघर्ष आणि निर्माण’ हे सूत्र तिने कृतीत आणले. दारूबंदीची मोहीम झाली. संपूर्ण यांत्रिकीकरणाने मजूर, विशेषतः स्त्रिया, बेकार होतील हे ओळखून अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला गेला. 3 जून 1983 रोजी, त्याच 11 जणांच्या स्मरणार्थ, कामगारांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद हॉस्पिटल उभे राहिले. डॉ. विनायक सेन, डॉ. आशीष कुंडू, डॉ. शैबाल जाना आणि डॉ. पुण्यव्रत गुण यांनी त्याची घडी बसवली.

जंगल आणि पाणी हाही कामगारांचाच प्रश्न आहे, ही जाणीव संघटनेने त्या काळात रुजवली. ‘अपने जंगल को पहचानो’ मोहिमेतून स्थानिक वृक्षांची रोपवाटिका उभी राहिली. राजकीय आघाडी छत्तीसगढ मुक्ती मोर्चाने सांभाळली. मोर्चाचे जनकलाल ठाकूर 1985 मध्ये आणि पुन्हा 1993 मध्ये डौंडी लोहारातून विधानसभेवर निवडून गेले.

1990 मध्ये चळवळ भिलाईच्या खाजगी कारखान्यांत पोहोचली. कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन एवढेच मागणे होते. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे नियोगींना भिलाईतील घरी झोपेत गोळी घालण्यात आली. 1 जुलै 1992 रोजी भिलाई पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन 16 जणांचा मृत्यू झाला. नियोगींच्या हत्येच्या खटल्यात सत्र न्यायालयाने उद्योगपतींसह सहा जणांना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोळी झाडणाऱ्यास जन्मठेप दिली.

पुढे मोर्चात फूट पडली, त्याचे गट झाले. तरीही कामगार दरवर्षी 1 जुलै आणि 28 सप्टेंबरला अभिवादनासाठी जमतात, आणि शहीद हॉस्पिटल गोरगरिबांवर माफक खर्चात उपचार करते आहे. मजुरांनी स्वतःच्या घामाच्या पैशातून उभारलेली ही संस्था देशातील प्रत्येक कामगार संघटनेने अभ्यासावी अशी आहे.