अर्ज न करता मिळालेलं नागरिकत्व

यंदा चवथीला घर भरलं होतं आणि भाच्याने विषय काढला. लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घ्यायचं त्याचं चाललंय. म्हणाला, "मामा, १९६२ साली आपल्याला विचारलं कुणी? सरळ भारतीय करून टाकलं!" तेव्हा गप्प बसलो. आता सावकाश लिहितो.

विचारलं होतं रे. २८ मार्च १९६२ चा गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश वाच. २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो इथे जन्मला, किंवा ज्याच्या आईवडिलांपैकी, आजी-आजोबांपैकी एक जरी इथे जन्मलं होतं, तो त्या दिवसापासून भारतीय. ज्याला हे नको, त्याने महिन्याभरात प्रशासकाला लेखी कळवायचं.

अर्ज करायचा तो नको म्हणणाऱ्याने, हे मला फार मोलाचं वाटतं. आमचे बाबा कुळागरातले. सही मराठीत, पोर्तुगीज जेमतेम, इंग्रजी मुळीच नाही. उलटा नियम असता तर भाटकार आणि वकील आधी नागरिक झाले असते. मुंडकार कागद शोधत पणजीला खेपा घालत राहिले असते. धर्म कुणाचाच विचारला नाही, हेही आज मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आणि 'नको' म्हणणाऱ्याचं ऐकलं का? मोन्सेन्योर रेमेदियुस मोंतेरु या पाद्रींनी पोर्तुगीज राहायचं ठरवलं. त्यांची नोंद परकीय म्हणून झाली, राहण्याचा परवाना मिळाला. १९६४ मध्ये त्याची मुदत संपली, तो वाढवून मागायला त्यांनी नकार दिला आणि खटला झाला. गोवा व्यापलेला प्रदेश आहे, जिनिव्हा कराराचं संरक्षण मला आहे, असं त्यांचं म्हणणं. सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये ते फेटाळलं. कायद्याने त्यांना कठोरपणे वागवलं म्हण हवं तर. पण त्यांना बळेच भारतीय केलं नाही.

मुदत मात्र तोकडीच होती. पुदुच्चेरीच्या लोकांना फ्रेंच राहायचं की नाही हे ठरवायला १६ ऑगस्ट १९६२ पासून सहा महिने मिळाले. तिथे फ्रान्सशी करार होता. पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ३१ डिसेंबर १९७४ ला. तोवर बोलणी करायची कुणाशी? तरी दोन-तीन महिने द्यायला हवे होते, हे मी कबूल करतो.

पासपोर्ट तू घे, माझी हरकत नाही. मात्र तो घेतलास की इथलं नागरिकत्व जाणार, हे ताईलाही नीट सांग. बाबांचा जन्मदाखला माझ्याकडे ट्रंकेत आहे, रविवारी येऊन घेऊन जा.