लोकांचा पैसा, लोकांचा कौल

शताब्दीच्या निमित्ताने एखादी संस्था मागे वळून पाहते तेव्हा पायाभरणी, इमारत, नामवंतांची व्याख्याने आणि मोठ्या देणग्या यांकडे प्रथम लक्ष जाते. परंतु सार्वजनिक संस्थेचे रोजचे जीवन लहान रकमांवर चाललेले असते. कोणते मासिक बंद करावयाचे, बाक दुरुस्त करावयाचे की नवे कपाट घ्यावयाचे, यंदाचे पैसे छपरावर खर्चावयाचे की पुस्तकबांधणीवर, या प्रश्नांची उत्तरे कोणीतरी देतच असतो. तो 'कोणीतरी' कोण असावा, हा प्रश्न वाचनालयापुरता मर्यादित नाही. गल्लीतील दिवा, पेठेतील पाणपोई, मुलांचे मैदान यांबाबतही तो तसाच उभा राहतो. सार्वजनिक निधीचा थोडा भाग बाजूला काढून त्याचा विनियोग नागरिकांच्या प्रत्यक्ष कौलाने ठरवावा, असे प्रयोग गेल्या साडेतीन दशकांत जगभर झाले. लोकसहभागातून अंदाजपत्रक असे त्यांस म्हणतात. या कल्पनेचा आपल्या भूमीशी असलेला जुना संबंध आणि तिच्यापुढील एक खरी अडचण यांचा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

आरंभ घरापासूनच करू. हुबळी येथे नगरपालिका स्थापन झाली ती १५ ऑगस्ट १८५५ रोजी, आणि धारवाड येथे १ जानेवारी १८५६ रोजी. दोन्ही स्थापना १८५० च्या २६ व्या कायद्यान्वये झाल्या. या कायद्याचे एक वैशिष्ट्य सहसा सांगितले जात नाही. तो कोणत्याही गावावर आपोआप लागू होत नसे. गावच्या रहिवाशांची तशी इच्छा आहे अशी सरकारची खात्री पटल्यावरच तो लागू करावयाचा होता. स्वच्छता, रस्ते, दिवाबत्ती यांसाठी आपण आपल्यावर कर बसवून घेण्यास तयार आहोत, असे गावाने आधी म्हणावयाचे आणि मग नगरपालिका यावयाची. कौल घेण्याची रीत ओबडधोबड होती, गावाच्या नावाने बोलणारे बहुधा प्रतिष्ठित व्यापारी आणि वतनदार असत, हे खरे. तरीही खर्चापूर्वी संमती हे तत्त्व त्या कायद्याच्या पोटात होते. ही संमती मात्र एकदाच विचारली जाई. पुढे पैसा कशावर खर्च व्हावा हे सरकारनियुक्त सदस्य ठरवीत.

याच काळात, किंबहुना याच्याही आधी, वेगळ्या प्रकारच्या सभा आपल्या प्रदेशात रुजू लागल्या होत्या. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे व बेळगावचे १८४८ चे. 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थांना युरोपीय अधिकाऱ्यांचे प्रोत्साहन होते, परंतु त्यांचा आधार वर्गणीदार हाच होता. वर्गणी, सभासदांची सभा, कार्यकारी मंडळ, वार्षिक जमाखर्च ही रीत अशाच संस्थांतून मराठी मध्यमवर्गात रुळली. नगराच्या कारभारात मत देण्याचा अधिकार मिळण्यापूर्वीच आपल्या समाजातील काही माणसे वाचनालयाच्या सभेत सामायिक पैशाविषयी मत देण्यास शिकली होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. या सभांतून स्त्रिया नव्हत्या, बहुजन समाज जवळजवळ नव्हता. ही उणीव लहान नव्हे. तिचा विसर पडू देऊन जुन्या काळाचे गुणगान करणे योग्य होणार नाही.

मे १८८२ मध्ये लॉर्ड रिपन यांच्या सरकारचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव आला. स्थानिक संस्था या कारभाराच्या सोयीपेक्षाही लोकशिक्षणाचे साधन आहेत, हा त्या ठरावाचा गाभा होता. १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यात, म्हणजेच तेव्हाच्या धारवाड जिल्ह्यातही, निवडून आलेल्या सदस्यांना अधिक वाव मिळाला. मताधिकार मात्र कर भरणाऱ्या मूठभरांनाच होता. प्रौढ मताधिकार सर्वांना मिळाला तो राज्यघटनेने, १९५० साली. पुढे १९५६ मध्ये धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला आणि १९६२ मध्ये हुबळी व धारवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली. शंभर वर्षांत मतदार वाढले, सभागृह मोठे झाले, अंदाजपत्रक अनेक पटींनी फुगले. परंतु नागरिकाच्या हाती आलेले मत हे माणूस निवडण्याचे मत होते. पैसा कशावर खर्च व्हावा, याविषयी त्यास कोणी विचारीत नव्हते.

हा प्रश्न थेट विचारण्याचा गाजलेला प्रयोग १९८९ मध्ये ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरात सुरू झाला. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागात उघड्या सभा भरविण्यात आल्या. लोकांनी पाणी, गटारे, रस्ते, शाळा यांचा अग्रक्रम मतदानाने ठरविला आणि आपले प्रतिनिधी निवडले. नगरपालिकेच्या भांडवली खर्चाची वाटणी या अग्रक्रमांनुसार होऊ लागली. ती करताना कोणत्या विभागात सोयींचा अभाव अधिक आहे आणि कोठे लोकसंख्या अधिक आहे यांसही गुण दिले जात. नुसत्या हातांची गणती करून तेथे भागविले नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे. राजकीय पाठबळ ओसरल्यावर २०१७ मध्ये तेथील प्रक्रिया स्थगित झाली, परंतु तोवर तिचे अनुकरण अनेक देशांतील नगरांनी केले होते.

आपल्या देशात केरळने १९९६ च्या ऑगस्टमध्ये जनकीय योजना मोहीम हाती घेतली. राज्याच्या योजना-खर्चापैकी ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवून ग्रामसभांत गरजा मांडण्यास लोकांना बोलावण्यात आले. त्या सभांपूर्वी हजारो कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्यात आले आणि पंचायतींनी आपापल्या गावचे विकास-अहवाल लिहून काढले. हे शक्य झाले त्याची मुळे मागे होती. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ पासून उभ्या केलेल्या ग्रंथालय चळवळीने गावोगावी वाचनालये पोहोचविली होती आणि सार्वजनिक प्रश्नांवर वाचून बोलण्याची सवय तेथे रुजली होती. आपणा ग्रंथालय-प्रेमींना ही गोष्ट विशेष मोलाची वाटावी.

मराठी मुलखातील नागरी उदाहरण पुण्याचे आहे. पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करण्यास आरंभ केला. आपल्या प्रभागात कोणते लहान काम व्हावे हे नागरिकाने सुचवावयाचे, क्षेत्रीय कार्यालयाने त्याचा खर्च काढावयाचा, प्रभाग समितीने मान्यता द्यावयाची आणि मग ते काम पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात यावयाचे. एका कामास ५ लाख रुपयांची मर्यादा होती आणि प्रत्येक प्रभागास ठराविक रक्कम. पदपथ, बाक, बसथांबा, पथदिवे, स्वच्छतागृह अशी कामे त्यातून सुचविली जात. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम अगदी थोडी, परंतु अंदाजपत्रक या शब्दाशी सामान्य नागरिकाचा प्रत्यक्ष संबंध प्रथमच जडला.

पुण्याच्या अनुभवातून एक धडाही मिळतो. प्रारंभी सभा घेऊन, चर्चा करून अग्रक्रम ठरविण्यावर भर होता. पुढे अर्ज भरून देणे हेच मुख्य रूप उरले. एकाने पदपथ मागितला, दुसऱ्याने दिवा मागितला. दोघांची गाठ पडली नाही, आणि दोहोंपैकी आधी काय व्हावे याचा विचार दोघांनी मिळून केला नाही. आपल्या अर्जाचे पुढे काय झाले ते कळत नाही, ही तक्रार नागरिकांनी व अभ्यासकांनी वारंवार नोंदविली. वाचनालयाच्या सभासदांस हे चित्र ओळखीचे वाटेल. टेबलावर सूचना-वही ठेवलेली असते. वाचक तीत हव्या त्या पुस्तकांची नावे लिहितात. ग्रंथनिवड समितीने त्या नावांवर विचार केला, घेतलेल्या व न घेतलेल्या पुस्तकांची कारणे सांगितली, तर ती वही जिवंत राहते. एरवी पाच-सहा पानांनंतर ती कोरीच पडून राहते.

कर्नाटकातही या दिशेने पावले पडली. बंगळूरमध्ये 'जनाग्रह' या संस्थेने २००२ च्या सुमारास प्रभागातील कामांचा अग्रक्रम नागरिकांकडून ठरवून घेण्याची मोहीम चालविली आणि २०१५ मध्ये महापालिकेच्या सहकार्याने अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना गोळा केल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ३ लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. २०११ च्या जनगणनेत ९ लाख ४३ हजार लोकसंख्या नोंदलेले आपले जोडशहर त्या कक्षेत येतेच. घटनेने दार ठेवले आहे. त्यातून आत जाणे हे नागरिकांचे काम आहे.

येथवर वाचून एखाद्या सभासदाच्या मनात शंका येईल. सर्व काही मतांवर ठरू लागले, तर कानडी बहुसंख्य नगरातील मराठी वाचनालयाच्या वाट्यास काय येईल? ही शंका टाळून पुढे जाता येणार नाही, कारण या विषयाचे खरे मर्म तीतच आहे. गटार सर्वांना हवे असते. दुर्मीळ पोथ्यांचे जतन थोड्यांनाच हवे असते. जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडात इंग्रजी शिकवीत असताना ज्या मराठी कथा लिहिल्या, त्या लिहाव्यात की नाही याचा कौल त्या नगरात घेतला असता तर काय झाले असते, हे सांगावयास नको. अल्पसंख्याकांच्या गरजा, मग ते भाषेने अल्पसंख्य असोत, अंध वाचक असोत की वस्तीच्या टोकाला राहणारी दहा घरे असोत, बहुमताच्या चाळणीतून सहज गळून पडतात.

या अडचणीवर दोन उत्तरे अनुभवातून पुढे आली आहेत. एक पोर्तो अलेग्रेचे : मतांबरोबर अभावासही गुण द्यावेत, म्हणजे ज्याच्याकडे कमी आहे त्याचे पारडे अगदीच हलके राहत नाही. दुसरे उत्तर आपल्याच मराठी मुलखातील, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाचे आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत स्वीकारली. एकाचा विरोध असला तरी त्याचे म्हणणे ऐकून विषय पुन्हा चर्चेस घ्यावयाचा. निर्णय ग्रामसभेचा, परंतु त्याआधी अभ्यासगट बसावयाचा, माहिती मिळवावयाची, कायदा समजून घ्यावयाचा. मोहन हिराबाई हिरालाल यांनी या अभ्यासगटांस दीर्घकाळ साथ दिली. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे या अभ्यासाचे बळ होते. प्रत्येक नगरास सर्वसहमती साधेल असे नाही. मात्र आधी अभ्यास आणि मग कौल, हा क्रम कोठेही पाळता येतो.

ग्रंथालयांच्या संदर्भात तर या प्रश्नास आणखी एक पदर आहे. कर्नाटकाने १९६५ च्या कायद्याने नागरिकांच्या स्थानिक करांवर ग्रंथालय-उपकर बसविला आणि त्यातून शासकीय सार्वजनिक ग्रंथालये चालविली. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात उपकर टाळला आणि लोकांनी चालविलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देण्याचा मार्ग धरला. एकीकडे पैसा निश्चित आहे पण संस्था शासनाची आहे. दुसरीकडे संस्था लोकांची आहे पण ती अनुदानाकडे डोळे लावून बसते. पैसा कशावर जावा हे वाचकाला मात्र दोन्हीकडे कोणी विचारीत नाही. कर्नाटकातील मराठी वाचनालय या दोन्ही व्यवस्थांच्या सीमेवर उभे आहे. म्हणूनच त्याचे सभासद हाच त्याचा खरा आधार होय.

मग सभासदांनी काय करावे? प्रथम आपल्या सभेकडे पाहावे. गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरविण्याची प्रथा आपल्याकडील कितीतरी संस्थांत इतकी रूढ झाली आहे की, तहकुबीची सूचना आमंत्रणातच छापलेली असते. नगराचा पैसा आपल्या कौलाने खर्च व्हावा असे म्हणणाऱ्याने आपल्या वाचनालयाच्या जमाखर्चावर हात वर करण्यास तरी यावे. शताब्दीच्या या वर्षी ग्रंथखरेदीच्या रकमेतील एक छोटा हिस्सा बाजूला काढून त्याचा निर्णय सर्व वाचकांच्या मतदानाने घ्यावा, असे मी सुचवितो. त्यात बालविभागातील वाचकांनाही मत असावे, आणि ज्यांची मागणी कधीच बहुमतात येत नाही अशांसाठी काही भाग राखून ठेवावा. मतदानाआधी प्रत्येक सूचनेच्या बाजूने व विरुद्ध बोलण्यास वेळ द्यावा. वर्षअखेरीस काय झाले व काय झाले नाही, हे सूचनाफलकावर लावावे.

त्याचबरोबर वाचनकक्षात महानगरपालिकेचे अंदाजपत्रक ठेवावे आणि त्याचा मराठी सारांश कोणीतरी करावा. प्रभागाच्या बैठकीस जाताना आपले सभासद कानडी शेजाऱ्यांसमवेत जावेत. आमच्या वाचनालयास काही द्या, एवढेच म्हणत न जाता, आपल्या गल्लीला आधी काय हवे, याचा विचार करून जावेत. शेजाऱ्याच्या दिव्यासाठी हात वर करणाऱ्याच्या पुस्तकासाठी शेजारीही कधीतरी हात वर करतो. अल्पसंख्य संस्थेस याहून भक्कम संरक्षण कोणताही कायदा देऊ शकत नाही.

१८५५ साली हुबळीकरांची संमती एकदाच विचारली गेली आणि पुढे दीर्घकाळ कोणी विचारले नाही. आता विचारण्याची साधने उपलब्ध आहेत. रकमा लहान आहेत, हे त्यांचे वैगुण्य मानू नये. लहान रकमेवर माणूस चूक करून शिकू शकतो, हिशेब समजून घेऊ शकतो, विरुद्ध मताच्या माणसाशी बोलू शकतो. वाचनालयाने शंभर वर्षे आपल्या सभासदांना वाचावयास शिकविले. त्या वाचनाचा उपयोग नगराच्या जमाखर्चाकडे पाहण्यासाठी होऊ लागला, तर दुसऱ्या शतकाचा आरंभ उचित रीतीने झाला असे म्हणता येईल.