हार्व्हर्ड विद्यापीठातील युद्धस्मारके
अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील केंब्रिज येथे हार्व्हर्ड विद्यापीठाच्या युद्धात मरण पावलेल्या सदस्यांची दोन प्रमुख स्मारके आहेत : मेमोरियल हॉल व मेमोरियल चर्च.

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) संघराज्याच्या बाजूने लढताना मरण पावलेल्यांसाठी माजी विद्यार्थ्यांनी मेमोरियल हॉल उभारला. विल्यम रॉबर्ट वेअर व हेन्री व्हॅन ब्रंट या वास्तुविशारदांनी, जे स्वतः हार्व्हर्डचे पदवीधर होते, व्हिक्टोरियन गॉथिक शैलीत त्याचा आराखडा केला. बांधकामास १८७० मध्ये सुरुवात झाली. वास्तूचे तीन भाग आहेत : भोजनगृह, सँडर्स नाट्यगृह आणि त्यांना जोडणारे स्मृतिदालन. दालनात २८ संगमरवरी फलकांवर १३६ नावे कोरलेली आहेत. दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सैन्यातून लढलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावे मात्र तेथे नाहीत. त्यांच्या समावेशाची चर्चा अनेकदा झाली. मनोऱ्याचे छत १९५६ मध्ये आगीत नष्ट झाले. पुढे १९९९ मध्ये ते पूर्ववत करण्यात आले.

पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी उभारलेल्या मेमोरियल चर्चचे समर्पण युद्धविरामदिनी, ११ नोव्हेंबर १९३२ रोजी झाले. त्याच्या स्मृतिकक्षात ३७३ नावे व मॅल्व्हिना हॉफमन यांचे ‘द सॅक्रिफाइस’ हे शिल्प आहे. जर्मनीच्या बाजूने लढून मरण पावलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी वेगळा लॅटिन शिलालेख आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांची नावे नंतर प्रार्थनागृहाच्या भिंतीवर कोरण्यात आली.