कवाडाची कडी

मागच्या उन्हाळ्यात गावचं जुनं घर उतरवलं आणि त्याची सागाची दोन कवाडं मी चंद्रपूरला घेऊन आलो. वाढईनं रंधा न लावता नुसता हात फिरवला आणि म्हणाला, "लाकूड सोनं आहे भाऊ." मग त्याची नजर वरच्या कडीकडे गेली. चार दुव्यांची लोखंडी साखळी, तिच्या टोकाला लांबट कडी, आणि ती ज्यात अडकायची तो कोयंडा गावच्या चौकटीच्या वरच्या गणेशपट्टीवरच राहिलेला. साखळीच्या खिळ्याचे दोन्ही पाय फळीतून आरपार जाऊन मागच्या बाजूला फाकवून दुमडलेले होते. वाढईला ती काढून आल्ड्रॉप लावायचा होता. पक्कड घालून पाहिली, खिळा हलेना. "काढलं त फळी चिरते," एवढं बोलून त्यानं पक्कड खाली ठेवली. या कडीचा नाद मला तिथून लागला.

कवाडांचं काय करायचं हे तेव्हा ठरलं नव्हतं. ठरलं होतं ते नव्या घराचं सामान, म्हणून गोल बाजारात गेलो. दुकानदारानं काउंटरवर एकेक नग मांडला आणि त्याचं नाव सांगत गेला. ती नावं ऐकताना मला ती कुठून कुठून चालत आली आहेत ते दिसायला लागलं. बिजागरी पोर्तुगीजांच्या 'बिसाग्रा'तून आली. चावीही त्यांचीच, 'शावे'. कुलूप अरबी 'कुफ्ल'चं. बोलता बोलता फ आणि ल यांनी जागा बदलल्या आणि आपल्या तोंडी कुलूप बसलं. इस्क्रू इंग्रजांचा. किल्ली मात्र इथली, संस्कृत 'कील' म्हणजे खुंटी, तिच्या कुळातली. खिळा आणि खीळ तिचेच सख्खे. आणि कडी? ती 'कटक' म्हणजे कडं, वलय, या शब्दाची लेक. मनगटातलं कडं आणि दारावरची कडी एकाच घरातली आहेत.

सगळ्यांत मोठी गंमत कपाटाची. संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. तो शब्द बोलीतून झिजत आला आणि कवाड झाला. नंतर तोच शब्द ग्रंथातून न झिजता पुन्हा घरात आला आणि भांडी-कपडे ठेवायच्या लाकडी वस्तूला चिकटला. म्हणजे कवाड आणि कपाट हे एकच शब्द आहेत, एक पायी आलेला, दुसरा पालखीतून. दाराचं सामान वेगळं आणि कपाटाचं वेगळं असं आपण दुकानात म्हणतो, पण भाषेला तो भेद फार उशिरा कळला.

या मुलखात दाराला धातू लागतच नव्हता असा काळ फार मागचा नाही. बांबूचं राज्य असलेल्या भागात दार म्हणजे ताटी. बांबूच्या कामट्या विणायच्या, वेलीच्या किंवा सालीच्या दोरीनं कुडाला बांधायची, संपलं. मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांमुळे हा शब्द सगळ्या मराठी मुलखाच्या ओळखीचा आहे; इथे ती वस्तूच ओळखीची होती. ताटी जनावर अडवते, वारा थोडा अडवते. माणसाला अडवायचं तिच्या डोक्यात नसतं.

फळ्यांचं जड कवाड आलं तेव्हाही बिजागरी नव्हती. कवाडाच्या एका कडेला वर आणि खाली त्याच लाकडाची गोल खुंटी सोडायची. वरची खुंटी गणेशपट्टीतल्या भोकात, खालची उंबरठ्यातल्या किंवा दगडातल्या खोबणीत. दार फिरलं की ती कुरकुरायची. आतून बंद करायला आडवं लाकूड, त्याला आगळ म्हणत. 'अर्गला'चं मराठी रूप. दुसरं नाव अडसर. हा अडसर आणि ती खीळ आज एकाही नव्या घरात नाही, पण रोजच्या वर्तमानपत्रात आहेत. प्रकल्पात अडसर येतो, कामाला खीळ बसते. वस्तू मोडीत गेली आणि तिचा धाक तेवढा भाषेत राहिला, याचं मला वाईटही वाटतं आणि नवलही.

चंद्रपूरच्या माणसाला हे पटायला जड नाही, कारण त्याच्या गावातच एक शब्द आपला जुना अर्थ धरून उभा आहे. गोंड राजांच्या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा असे चार दरवाजे, आणि त्यांच्या सोबतीला खिडक्या. चोर खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी. यातून कुणी डोकावत नाही. यातून माणसं जातात-येतात. मोठ्या दरवाजांच्या मधली लहान वाट म्हणजे खिडकी. हवा-उजेडाच्या झरोक्याला आपण ते नाव नंतर दिलं.

आता लोखंडाकडे येतो, कारण माझ्या कडीचा जीव तिथे आहे.

नागपूर जिल्ह्यात नायकुंड नावाचं गाव आहे. तिथे 1978 ते 1980 या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं आणि लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. वळणदार विटांची, भात्याच्या नळ्यांसकट, बाजूला मळीचे गोळे. काळ इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासचा. विदर्भातल्या शिळावर्तुळांखाली जी दफनं सापडली त्यांत छिन्न्या, तासण्या, खिळे आहेत आणि चपट्या कुऱ्हाडी आहेत. या कुऱ्हाडींची एक खूण अभ्यासक आवर्जून सांगतात. पातं दांड्याशी जखडायला त्यावर लोखंडी पट्टीची आडवी कडी घातलेली असते. वस्तू निसटू नये म्हणून लोखंड तापवून वळवायचं आणि कवळ घालायची, हे कसब या भागात अडीच हजार वर्षांहून जुनं आहे. दारावरची कडी त्याच कसबाची धाकटी पाती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोटात लोखंड भरपूर. सिंदेवाहीकडचं लोहारा नावातच सांगून मोकळं होतं. पिंपळगाव, देवळगाव, आणि एटापल्लीकडे सुरजागडचा डोंगर, जिथे ठाकूरदेवाची जत्रा भरते आणि जिथलं खनिज आज ट्रकांनी खाली उतरतं. पूर्वी हे खनिज जागच्या जागी गाळलं जाई. मातीची लहान भट्टी, लाकडी कोळसा, भाता. लोखंड पातळ होऊन वाहत नसे; मळी गळून गेली की तळाशी मऊ, सच्छिद्र गोळा उरे, तो लाल असतानाच घणानं ठोकून घट्ट करायचा. असं लोखंड पोलादाइतकं कडक नसतं, पण वाकतं, दुमडतं, तुटत नाही. कोयंड्याचे पाय लाकडामागे दुमडायचे तर नेमका हाच गुण हवा. ओतीव लोखंडाचा कोयंडा पहिल्याच घावाला मोडेल.

मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. 1878 च्या कायद्यानं जंगल राखीव होऊ लागलं आणि कोळशासाठी लाकूड तोडणं पूर्वीसारखं राहिलं नाही. आणि त्याच दशकात रेल्वे वरोऱ्याच्या खाणीपर्यंत पोचली. ती कोळसा घेऊन जाई आणि येताना विलायती माल आणी. लोहाऱ्याचं खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांची सोयरीक जुळवायचे बेतही झाले, पण त्या कोळशाचा चांगला कोक होत नव्हता, आणि मोठ्या भट्टीला कोक हवा होता.

विलायती मालामागे इंग्लंडातला बर्मिंगहॅमचा मुलूख होता. ओतीव लोखंडाच्या बिजागरीचं पेटंट तिथे 1775 साली निघालं. 1854 पासून नेटलफोल्ड आणि चेंबरलेन या मंडळींनी अमेरिकी यंत्रांवर टोकदार स्क्रू ढिगानं काढायला सुरुवात केली. लहान दिसणारी ही वस्तू माझ्या मते सगळ्यांत मोठी उलथापालथ करून गेली. स्क्रू आला आणि कडीला फळीतून आरपार जायची गरज उरली नाही. ती वरच्यावर बसू लागली, म्हणून पातळ झाली, म्हणून पत्र्याची झाली. बंद करणं आणि धरून ठेवणं या दोन कामांची तिथे फारकत झाली. पुढे लोहार शेतीच्या अवजारांपुरता उरला. आठवडी बाजारात आजही तो विळे-कुऱ्हाडी घेऊन बसतो, कड्या घेऊन नाही.

आणि आपलं लाकूड तेवढं बाहेर जात राहिलं. मार्च 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झालं तेव्हा मिरवणूक निघाली होती. लाकडाची अशी पाठवणी इथे होते. गोल बाजारातल्या पितळी मुठी मात्र अलीगढ आणि जामनगरहून येतात.

त्या मुठींबद्दल माझी तक्रार नाही, निवडताना चूक होते ती आपली. दुकानात आपण रंग पाहतो. पाहायचं असतं वजन, आणि वस्तू मागून कशी धरलेली आहे ते. भरीव सागाच्या दाराला दोन बिजागऱ्या पुरत नाहीत, तीन लागतात, आणि वरच्या दोन एकमेकींच्या जवळ असलेल्या बऱ्या, कारण ओढ वर असते. सागाच्या तेलामुळे त्यात लोखंड ओकमध्ये सडतं तसं सडत नाही, पण पावसाची ओल लागणाऱ्या दाराला लोखंडी स्क्रूभोवती काळा डाग उतरतो. तिथे पितळी स्क्रूच घ्यावा, आणि आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यावी, नाहीतर पितळेचं डोकं तुटतं. कपाटाच्या मुठी 96, 128, 160 मिलिमीटर अशा मापांत मिळतात. ही सगळी 32 च्या पाढ्यातली मापं, युरोपातल्या कारखान्यांनी ठरवलेली. कपाटाच्या ज्या बिजागरीला वाढई ऑटो हिंज म्हणतो आणि झिरो क्रँक, आठ क्रँक, पंधरा क्रँक अशी मागवतो, तिच्यासाठी फळीत 35 मिलिमीटरची वाटी कोरावी लागते. प्लायवूडला ती शोभते. जुन्या सागात मी ती कोरू देणार नव्हतो.

सजावटीच्या मुठी हव्याच असतील तर आपल्या शेजाऱ्यांकडे पाहावं. इंद्रावतीपलीकडे बस्तरमध्ये मेणाच्या दोऱ्या मातीवर गुंडाळून पितळ ओतणारे ढोकरा कारागीर आहेत आणि भंगार लोखंड ठोकून हरणं, दिवे घडवणारे लोहारही. दोन्ही कलांना 2008 साली भौगोलिक मानांकन मिळालं. प्राणहितेच्या आणि वर्धेच्या पल्याड आदिलाबादच्या ढोकऱ्याला 2018 साली. तिथल्या मुठी हाताला खडबडीत लागतात, दोन नग तंतोतंत सारखे नसतात, आणि दर वेळी मातीचा साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही. आमच्या दोन जिल्ह्यांच्या लोहारांना असं नाव मिळालं नाही. ते मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं, कारण खनिज इथलं आणि कसबही इथलं.

मी स्वयंपाकघरासाठी ढोकऱ्याच्या आठ मुठी घेतल्या. गावच्या कवाडांसाठी बाजारातल्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे गेलो. जुना कोयंडा गणेशपट्टीसकट गेला होता, म्हणून नवा हवा होता. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "लाकूड किती जाडीचं?" दीड इंच म्हटल्यावर त्यानं पायांची लांबी तीन इंच धरली, दीड आत, दीड दुमडायला. सळई लाल केली, मधोमध वळवली, पाय जुळवून निमुळते केले. थोडी निवल्यावर मी नेलेल्या जवसाच्या तेलाचं फडकं तिच्यावर फिरवलं. धूर निघाला आणि लोखंड काळंभोर झालं, दुकानात ज्याला अँटिक ब्लॅक म्हणतात त्या रंगाचं, पण वरून न फासलेलं.

त्या दोन कवाडांचं वाढईनं धान्याचं कपाट केलं. बिजागरी नाही; खालच्या-वरच्या खुंट्या होत्या तशाच ठेवल्या, नव्या चौकटीत खोबणी पाडल्या. कोयंडा त्यानं स्वतः ठोकला, मागून पाय दुमडले, आणि कडी घालून पाहिली. आई आतल्या खोलीत होती. कडीचा आवाज ऐकून तिनं तिथूनच विचारलं, "कोण आलं?"