‘शेवटची खुर्ची’ (तळटीप)

लास वेगासमध्ये ब्लॅकजॅकच्या मेजावर, जिथे प्रत्येकाचा सामना केवळ डीलरशी असतो, सोबत्यांशी नसतो, तिथे उघडी वाटलेली पाने हाताळू नयेत, पान हवे असल्यास मेजावर बोट टेकवावे, नको असल्यास तळवा आडवा फिरवावा, म्हणजे छतावरील कॅमेऱ्यात त्याची नोंद राहते, असा दस्तूर आहे. डीलरचे उघडे पान छक्का असताना शेवटच्या खुर्चीवरील खेळाडूने बारा गुणांवर पान मागितले आणि डीलरचा डाव साधला, तर इतरांच्या हारीचे खापर त्याच्या माथी फुटते. वस्तुतः पुढील पान कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याच्या निर्णयाने इतरांच्या जयापजयाची संभाव्यता बदलत नाही, आणि हा ठपका सर्वस्वी अन्याय्य होय. मूळ लेखनातील प्रसंगात मात्र लेखकाचे मित्र अशा वेळी अवाक्षर काढीत नाहीत, ही त्यांची सभ्यता मला विशेष आदरणीय वाटते. – संपादक