कचरा डेपोतील वायूपासून वीजनिर्मिती

उन्हाळा आला की शहराबाहेरील कचऱ्याचे ढीग धुमसू लागतात. या आगीमागे बहुधा ढिगातच तयार होणारा मिथेन वायू असतो. मुंबईतील देवनार येथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीने हा धोका साऱ्या राज्यासमोर आणला. हाच वायू नळीत पकडला, तर त्यावर वीज तयार करता येते.

ओला कचरा मातीखाली दबला आणि त्याला हवा मिळेनाशी झाली, की जिवाणू त्याचे विघटन करतात. त्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्के झाल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. शंभर वर्षांचा हिशेब धरता, तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट प्रभावी ठरतो.

वीजनिर्मितीसाठी ढिगाला योग्य उतार देऊन तो माती व प्लास्टिकच्या थराने झाकतात. त्यात छिद्रे असलेले पाइप उभे सोडून पंपाने वायू ओढतात. त्यातील ओलावा व हायड्रोजन सल्फाइड काढून तो गॅस इंजिनात जाळतात. एक घनमीटर वायूपासून पावणेदोन ते दोन युनिट वीज मिळते.

मुंबईतील गोराई येथील १९७२ पासूनची सुमारे १९.६ हेक्टरची कचराभूमी २००७ मध्ये बंद करून अशाच पद्धतीने झाकण्यात आली आणि वायू गोळा करण्याची सोय झाली.

यवतमाळात हे जमेल काय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या निकषानुसार अशा प्रकल्पासाठी किमान सुमारे १० लाख टन साठलेला कचरा लागतो. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार होती. माणशी रोज ४०० ग्रॅम कचरा धरल्यास वर्षाला १७ हजार टन होतो. म्हणजे तेवढा साठा व्हायला साठ वर्षे लागतील. लोकसंख्या दुप्पट धरली तरी तीस. तोवर जुन्या कचऱ्यातील बराचसा वायू उडून गेलेला असेल.

त्यामुळे जिल्ह्यातील शहरांसाठी जवळचा मार्ग वेगळा आहे. ओला कचरा घरातच वेगळा करून तो ढिगावर जाण्याआधी बंदिस्त बायोगॅस संयंत्रात घालावा. त्यातून मिथेन पकडता येतो आणि शेतीला खतही मिळते. जुने ढीग चाळून जमीन मोकळी केली, तर उन्हाळ्यातील धूरही थांबेल.